उद्या किती इंच?

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं मत असतं. डिसेंबर उजाडला की स्वतःचं मॉडेलही असतं. ज्याने आयुष्याची पहिली पंचवीस वर्षं कऱ्हाडात काढली, बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीगृहात, गोणपाटात गुंडाळलेला, असा माणूस एडिसनमधल्या एखाद्या बेसमेंटमध्ये चहाचा कप घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, "युरो या वेळी जरा जास्तच चढलाय. मला नाही वाटत टिकेल." समोरचे पाच-सहा जण गंभीरपणे माना हलवतात. भारतातून नुकतेच आलेले कुणाचे तरी सासरे कोपऱ्यात बसलेले असतात. ते हळूच विचारतात, "मग आत्ताच डॉलर घेऊन ठेवावेत का?"

या युरोचा चलनाशी संबंध नाही. युरोपातल्या देशांनी मिळून हवामानाचा अंदाज काढणारं एक केंद्र चालवलं आहे, त्याचं मुख्यालय इंग्लंडात रेडिंगला. त्यांच्या संगणकातून निघतो तो युरो. अमेरिकन सरकारचा तो जीएफएस. हा दिवसातून चार वेळा निघतो आणि सोळा दिवस पुढचं सांगतो. त्यातले पहिले पाच-सहा दिवस विज्ञान, उरलेली कादंबरी. नॅम हा त्याचा धाकटा भाऊ. ८४ तासांच्या पलीकडे तो बघत नाही, पण जे बघतो ते फार मोठं बघतो. दर वादळाआधी एकदा तरी तो एडिसनवर दोन फूट बर्फ ओततो आणि सहा तासांनी, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने, चार इंचांवर येतो. कॅनडाचंही एक मॉडेल आहे. बर्फाचा दांडगा अनुभव खरं तर त्या देशाला. पण आमच्याकडे त्याला लग्नातल्या लांबच्या नातेवाइकासारखं वागवतात. पत्रिका जाते, मत कुणी विचारत नाही.

जुन्या मंडळींची निष्ठा युरोवर. त्याला कारण सँडी. ऑक्टोबर २०१२ मध्ये ते चक्रीवादळ निघालं, तेव्हा जवळजवळ आठवडाभर आधी युरो सांगत होता की हे डावीकडे वळून न्यू जर्सीच्या अंगावर येणार. जीएफएस त्याला समुद्रात घालवत होता. २९ ऑक्टोबरला ते अटलांटिक सिटीजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्याकडची कित्येक घरं दिवसच्या दिवस अंधारात राहिली. त्या अंधारात युरोचा जो संप्रदाय तयार झाला तो अजून टिकून आहे. त्याची उपासना रात्रीची असते. जीएफएस रात्री साडेदहाच्या सुमाराला उतरायला लागतो, युरो एकच्या आगेमागे. सगळं घर झोपलेलं, एका खोलीत निळा उजेड, आणि त्यात एक पन्नाशीचा इसम नकाशा मोठा करकरून बघतोय. अशाच एकाच्या बायकोला सुरुवातीला भलताच संशय आला होता. दार उघडून तिने स्क्रीनवर जांभळा-गुलाबी पेनसिल्व्हेनिया पाहिला. तिचं म्हणणं, संशय खरा निघाला असता तर निदान बहिणीला सांगता तरी आलं असतं.

ही चर्चा बरेच हिवाळे ऐकून माझा एक सिद्धांत तयार झाला आहे. माणसाचा कुठल्या अंदाजावर विश्वास बसतो हे हवेच्या दाबावर ठरत नाही. शनिवारी त्याला काय काम आहे यावर ठरतं. तुमची शनिवारची कामं मला सांगा, तुमचं मॉडेल मी सांगतो.

संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा मोसम, आणि नेमका तोच ईशान्येकडून झोडपणाऱ्या किनारी वादळांचा, म्हणजे नॉरईस्टरचा. इथे बहुतेक बायका नोकरी करणाऱ्या, त्यामुळे मंगळवार-शुक्रवारचं हळदीकुंकू जमत नाही. राहतात मोजके शनिवार-रविवार, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून असलेल्या डझनावारी यजमानिणी. तारखा दसऱ्यापासून अडवलेल्या असतात. ज्या वहिनींनी चाळीस जणींना बोलावलंय, तिळाच्या वड्या थापल्यात, लुटायच्या वाणाचे डबे कुणाच्या तरी सामानातून पुण्याहून आणवलेत, त्यांच्या मते जगातलं प्रत्येक वादळ समुद्रातच जातं. "अहो, ते बाहेरून जाणार आहे. मी जीएफएस बघितला." एरवी जीएफएस हे बँकेचं नाव आहे म्हटलं तरी त्यांना पटेल, पण आपल्या बाजूने साक्ष कोण देईल, हे माणूस बरोबर हुडकून काढतो. ज्यांचं हळदीकुंकू पुढच्या शनिवारी आहे, त्या वहिनींना मात्र या शनिवारी आठ इंच दिसत असतात. उघड त्या काही म्हणत नाहीत. "सगळ्या जणी जपून ड्राइव्ह करा हं," एवढंच ग्रूपवर टाकतात.

ज्याचं रविवारी नेवार्कहून मुंबईचं विमान आहे, ज्याच्या चार बॅगा वजन करून दाराशी उभ्या आहेत, तो कुठलंच मॉडेल मानत नाही. तो विमान कंपनी मानतो. कंपनीने तारीख बदलायचे पैसे माफ केले की समजायचं, काहीतरी मोठं येतंय. पैशाच्या बाबतीत आपण होऊन उदार झालेली कंपनी हा हवामानशास्त्रातला सगळ्यात भरवशाचा पुरावा आहे, असं त्याचं म्हणणं, आणि मला त्यात अजून खोट काढता आलेली नाही.

मुलांचं सरळ असतं. त्यांना शाळेला सुट्टी हवी. त्यासाठी अमेरिकेतल्या पोरांनी एक स्वतंत्र कर्मकांड रचलं आहे: पायजमा उलटा घालून झोपायचं, उशीखाली चमचा ठेवायचा, आणि फ्रीजरमधले बर्फाचे खडे कमोडमध्ये टाकून फ्लश करायचे. न्यू जर्सीतल्याच एका शाळकरी मुलाने २००७ साली सुट्टीची शक्यता टक्क्यांत सांगणारं गणित संगणकावर बसवलं. ते आता देशभर वापरतात. तरी चमचे उशीखाली जातातच. टक्केवारी आणि नवस यांतलं एकच निवडावं, असं कुठे लिहिलंय? सहा महिन्यांसाठी आलेल्या एक आजी नातवाला कमोडमध्ये बर्फ सोडताना बघून आधी हबकल्या. कारण कळल्यावर म्हणाल्या, "असं होय! आमच्याकडे पावसासाठी धोंडी काढायचे. पोराच्या अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून दारोदार फिरवायचे, आणि प्रत्येक घरी त्याच्यावर पाणी ओतायचे."

नातवाने विचारलं, "मग पडायचा पाऊस?"

"पडायचा की. कधी आठ दिवसांनी, कधी महिन्याने."

पण या सगळ्यांत खरी झळ बसली ती आमच्या गल्लीतल्या एका काकांना. काका मूळचे सोलापूरचे. त्यांनी दोन स्टेजचा, पेट्रोलवर चालणारा, पुढे दिवा असलेला स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून बाजूला फेकणारं यंत्र, घेतला, आणि त्यानंतर बर्फ पडायचा थांबला. ही अतिशयोक्ती नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बर्फाच्या नोंदी १८६९ पासून आहेत. एका हिवाळ्यात तिथे सरासरी तीसेक इंच पडतो. २०२२-२३ च्या अख्ख्या हिवाळ्यात पडला २.३ इंच, आजवरचा नीचांक. एका दिवसात निदान इंचभर बर्फ पडावा म्हणून त्या शहराने सलग ७०१ दिवस वाट पाहिली, ती जानेवारी २०२४ मध्ये फळाला आली. आमच्याकडेही फार वेगळं नव्हतं. त्या काळात काका शनिवारी सकाळी गराज उघडून यंत्र बाहेर काढत, दोर ओढून सुरू करत, पाच मिनिटं धडधडत ठेवत आणि पुन्हा आत लोटत. "इंजिन बसायला नको." आवाज ऐकून शेजारचे इटालियन आजोबा बाहेर येत आणि आकाशाकडे बघत. सोलापूरच्या माणसाला दुष्काळ नवा नाही; पण बर्फाचा दुष्काळ सोसायला त्याने सातासमुद्रापार यावं, हे जरा जास्तच झालं. नॅमवर आजतागायत श्रद्धा ठेवून असलेला आमच्याकडचा एकमेव माणूस म्हणजे हे काका.

एडिसनची अडचण भूगोलाची आहे. ही वादळं कॅरोलायनाच्या किनाऱ्यापाशी अंग धरतात आणि समुद्राच्या कडेकडेने ईशान्येला चढतात. जमिनीच्या बाजूला कॅनडाकडून उतरलेली थंड हवा, समुद्राच्या बाजूला अटलांटिकची ऊबदार. दोघींच्या मधून एक रेघ जाते. तिच्या पश्चिमेला बर्फ, पूर्वेला पाऊस, आणि ऐन रेघेवर स्लीट, म्हणजे काचांवर ताडताड वाजणारे बर्फाचे दाणे. बर्फवाले चिडतात, पाऊसवाले चिडतात, एकमत होतं ते स्लीटला शिव्या देण्यापुरतं. ही रेघ फार वेळा टर्नपाइक महामार्गाच्या आसपास येऊन रेंगाळते. पाच हजार फुटांवर हवा अंशभर गरम असली की वरून निघालेला बर्फ वाटेत वितळतो. तेच एक इंच पाणी थंडीत साधारण दहा इंच बर्फ होऊन येतं आणि थोड्या उबेत नुसता इंचभर पाऊस. त्या अंशावर बेसमेंटमधल्या कुणाची तरी वर्षानुवर्षांची पत टांगलेली असते.

म्हणूनच ब्रिजवॉटरला बालाजीच्या देवळापाशी सहा इंच पडलेला असताना एडिसनच्या ओक ट्री रोडवर नुसता रेंदा असतो. देवाच्या दारी जरा जास्तच मिळायचं, असं आमच्याकडच्या एक मावशी म्हणतात. ब्रिजवॉटर समुद्रापासून आणखी आत आहे हे कारण त्यांना सांगून पाहिलं. ते त्यांना फारच सामान्य वाटलं. त्यातून आमच्या या पट्ट्याला सेंट्रल जर्सी म्हणावं की नाही, याचाच इथे जुना वाद. राज्याला उत्तर आहे आणि दक्षिण आहे, मध्य असं काही नाहीच, असं छातीठोकपणे सांगणारे लोक होते. शेवटी २०२३ साली कायदा करून सेंट्रल जर्सी अस्तित्वात असल्याचं मान्य करावं लागलं. पाऊस-बर्फाच्या रेघेला ते आधीपासूनच ठाऊक होतं.

आणखी एक पाचर आहे. सरकारी हवामान खात्याच्या हिशोबात एडिसनची मिडलसेक्स काउंटी माउंट हॉलीच्या कचेरीकडे येते, आणि लागून असलेली युनियन काउंटी लाँग आयलंडवरच्या अप्टनच्या कचेरीकडे. त्यामुळे क्लार्कला राहणाऱ्या मेव्हण्याला एका कचेरीचा अंदाज, दहा-पंधरा मिनिटांवरच्या एडिसनच्या मेव्हण्याला दुसरीचा. कचेऱ्या आपसात बोलून घेतात; मेव्हणे घेत नाहीत. दोन्ही कचेऱ्या अंदाजामागची कारणमीमांसाही रोज लिहून प्रसिद्ध करतात. २०१६ पर्यंत ती सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत असे, टेलिप्रिंटरच्या काळातली सवय म्हणून. त्यामुळे उद्या ऊन पडेल हेसुद्धा कुणीतरी गच्चीवरून ओरडून सांगतंय असं वाटायचं. आमचे एक निवृत्त बँकवाले काका अजून ती छापून घेतात आणि पेन्सिलीने खुणा करतात. "इथे बघा, 'शक्यता नाकारता येत नाही' लिहिलंय. काल नुसतं 'शक्यता' होतं. माणूस मागे सरकतोय."

माउंट हॉलीचं नाव मंडळी आदराने घेतात ते मात्र एका चुकलेल्या अंदाजामुळे. जानेवारी २०१५, तारीख २६. न्यूयॉर्कला दोन ते तीन फुटांचा इशारा. तिथली भुयारी रेल्वे केवळ बर्फासाठी तिच्या इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवली. न्यू जर्सीत रात्री अकरानंतर रस्त्यावर गाडी काढायला बंदी. युरो ठाम होता. जीएफएस, ज्यात त्याच महिन्यात सुधारणा झाली होती, पुटपुटत होता की वादळ जरा पूर्वेला जाईल. पण सँडीपासून त्याचं ऐकतंय कोण. वादळ जरा पूर्वेला गेलं. लाँग आयलंडच्या टोकाला आणि बॉस्टनला दोन-दोन फूट, सेंट्रल पार्कात ९.८ इंच, आणि आमच्या दारात पायरी झाकली जाईल न जाईल इतका. त्या रात्री माउंट हॉलीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी ट्विटरवर लोकांची जाहीर माफी मागितली.

पुण्यातल्या माझ्या आत्तेभावाला मी ही गोष्ट फोनवर सांगितली. हा जन्मभर वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवणारा माणूस. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माफी मागितली? आणि मग लोकांनी दुसऱ्या दिवशी बोलायचं कशावर?"

युरोच्या संप्रदायाने खचून न जाता त्या आठवड्यातच भाष्य तयार केलं: मॉडेल बरोबर होतं, वादळ चुकलं.

उलटंही घडतं. १५ नोव्हेंबर २०१८ ला किरकोळ बर्फाची गोष्ट होती. दुपारपासून पाच-सहा इंच कोसळला, रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्याच वाहतुकीत अडकल्या, आणि काही शाळांतल्या मुलांना रात्र शाळेतच काढावी लागली. आणि २९ ऑक्टोबर २०११ तर कुणीच विसरलेलं नाही. दिवाळीचा आठवडा, शनिवार, झाडांवर पानं अजून तशीच, आणि वरून ओला जड बर्फ. पानांसकट फांद्या मोडून तारांवर आल्या आणि वीज गेली. घरोघरी पणत्या आणि तेल हाताशी होतं, एवढंच काय ते. त्या दिवशी पोर्चवर आकाशकंदील लावून खाली बर्फ साचलेले फोटो अजून दर दिवाळीला फिरतात, आणि भारतातले नातेवाईक दर वर्षी विचारतात, "एवढ्यातच सुरू झाला का रे?"

असं सगळं अनुभवल्यावर माणसं विज्ञानाच्या जोडीला आणखी काही आधार ठेवतात. आपल्याकडे पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आला तर शेतकरी खूश. कोल्हा-मेंढा आला तर सावध. अमेरिकन पंचांगाला वाहन एकच. दर २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावी काळ्या उंच टोप्या घातलेले प्रतिष्ठित नागरिक फिल नावाच्या ग्राउंडहॉगला, म्हणजे घुशीच्या दुप्पट-तिप्पट गुबगुबीत प्राण्याला, बाहेर काढून उचलून धरतात. त्याला सावली दिसली तर अजून सहा आठवडे हिवाळा. १८८७ पासून हे चालू आहे, आणि फिल तेव्हापासून एकच आहे असं त्याच्या मंडळाचं अधिकृत म्हणणं. अक्षय्य तृतीयेनंतर भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत काय आलं, याकडे कान लावून वाढलेल्या आमच्या बुलढाण्याच्या मित्राला यात वावगं काही दिसत नाही. त्याची तक्रार एवढीच, की एवढ्या मोठ्या देशाने पिकाचं आणि राजाचं काहीच विचारू नये?

आमच्या शेजारच्या मिलटाउन गावचा स्वतःचा ग्राउंडहॉग होता, मेल. २०२२ साली २ फेब्रुवारीच्या ऐन तोंडावर तो वारला आणि त्या वर्षी कार्यक्रम झाला नाही. सेंट्रल पार्कातला तो ७०१ दिवसांचा दुष्काळ सुरू झाला तोही २०२२ च्या फेब्रुवारीत. ही संगती लावण्याचं श्रेय सोलापूरकर काकांचं. "मेल गेला," ते म्हणतात, "आणि त्याने सोबत नेला." बँकवाल्या काकांना असलं काही चालत नाही. त्यांच्याकडे डायरी आहे. तापमान, वारा, बर्फ, सगळं रोज लिहिलेलं. त्यांना कुणी हसलं की ते जानेवारी १७७२ काढतात. व्हर्जिनियात तेव्हा तीन फूट बर्फ पडला होता, आणि तो माउंट व्हर्ननवर जॉर्ज वॉशिंग्टनने आणि माँटिसेलोत थॉमस जेफरसनने आपापल्या डायरीत टिपून ठेवला. जेफरसन तर नुकतं लग्न होऊन बायकोला घरी आणत होता; गाडी बर्फापुढे हरली, शेवटचे काही मैल दोघं घोड्यावरून आली. "नवी नवरी घरात, आणि हा मनुष्य बर्फ किती फूट ते लिहितोय," काका सांगतात. काकू आतून म्हणतात, "म्हणूनच आवडतो तो तुम्हाला."

वादळ अठ्ठेचाळीस तासांवर आलं की चर्चा दुकानात शिरते. अमेरिकन माणूस ब्रेड, दूध आणि अंडी उचलतो. आमच्याकडचे टीव्हीवाले त्यावर दर वर्षी तोच फ्रेंच टोस्टचा विनोद करतात. आपला माणूस ओक ट्री रोडवर जातो आणि कोथिंबीर घेतो. घरात तांदळाची वीस पौंडांची पिशवी, आट्याची दुसरी, पाच प्रकारच्या डाळी, आईने दिलेली तीन लोणची. या घराला पाडव्यापर्यंत वेढा पडला तरी गव्हाची पोळी चुकणार नाही. तरीही कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि दही यांच्यासाठी तो अशा रांगेत उभा राहतो जिचं शेपूट फ्रोजन पराठ्यांपर्यंत गेलेलं असतं. पुढे उभ्या असलेल्या गुजराती बेन मागे वळून विचारतात, "केटला इंच?" त्यांना आकडा सांगितला की त्या आणखी एक जुडी उचलतात. कोथिंबिरीच्या जुड्या मोजून बर्फाचा अंदाज काढायचा ठरवला, तर नॅमपेक्षा तो नक्कीच बरा येईल.

याच सुमाराला भारतातून फोन. टीव्हीवर 'अमेरिकेत बर्फाचा कहर' चालू असतो, गाड्या छपरापर्यंत गाडलेल्या.

"अगं आई, ते बफेलो. आमच्यापासून सहा-सात तास लांब. आमच्याकडे ऊन आहे."

"पण अमेरिकाच ना?"

"हो."

"मग कानाला बांध काहीतरी."

आणि एवढं झाल्यावर कधी कधी तो खरंच पडतो. गेल्या काही वर्षांत असा एक शनिवार आला. वहिनींनी शुक्रवारी दुपारीच हळदीकुंकू रविवारी चारला ढकललं. जीएफएसचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पहाटे खिडकीतून बघितलं तर गल्ली पांढरी. सातला बँकवाले काका लोकरी टोपी आणि मफलर घालून परसात पोहोचले. त्यांची पांढरी फळी आहे, पट्टी आहे, आणि १९९८ साली कोलोरॅडोत सुरू झालेल्या पाऊस-बर्फ मोजणाऱ्या स्वयंसेवकांच्या जाळ्यात त्यांचं नाव आहे. नियम असा की मोजून झाल्यावर फळी पुसायची, पण सहा तासांत एकदाच. बर्फ आपल्याच वजनाने दबत जातो, त्यामुळे तासातासाला मोजून बेरीज केली तर आकडा फुगतो. आमच्या गल्लीत तासातासाला मोजणारेही एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे कायम दीड-दोन इंच जास्त पडतो. यावरून दोघांचं बोलणं तीन हिवाळे बंद होतं असं म्हणतात; मला ते अगदी शक्य वाटतं.

मोजणीचा विषय निघाला की बँकवाले काका २०१६ वर येतातच. त्या जानेवारीतल्या वादळात सेंट्रल पार्कात २६.८ इंच नोंदला गेला आणि २००६ चा २६.९ चा विक्रम एक दशांशाने हुकला. तीनेक महिन्यांनी तपासणी झाली, आकडा सुधारून २७.५ झाला, विक्रम जागेवर बसला. त्याच वादळात वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर मोजायची फळीच बर्फाखाली गाडली गेली, ती मोजणाऱ्यांना सापडेना. हे सांगताना काकांचा आवाज खाली येतो. एखाद्या देवळातली मूर्ती चोरीला गेल्याची बातमीही ते एवढ्या गांभीर्याने सांगणार नाहीत. "फळीला झेंडा लावायचा," ते म्हणतात. "साधी गोष्ट." त्यांच्या फळीला भगवा झेंडा आहे.

आमचा आकडा त्या दिवशी साडेसहा निघाला. तासवाल्यांचा आठ. युरोने पाच सांगितला होता, जीएफएसने तीन, नॅमने एकोणीस. हे आकडे मांडून कोण जिंकलं यावर बेसमेंटमध्ये जी चर्चा झाली ती इथे देत नाही; सगळेच जिंकले.

तिकडे गल्लीत मात्र धडधड सुरू झाली होती. सोलापूरकर काका. दिवा लागलेला, बर्फाचा फवारा वीस फूट उंच, डोळ्यांवर गॉगल. त्यांनी आपला ड्राइव्हवे साफ केला, मग आमचा, मग इटालियन आजोबांचा, मग फुटपाथ. मी फावडं घेऊन बाहेर आलो तर त्यांनी हातानेच 'आत जा' केलं. साडेदहाला टाउनशिपचा प्लाउ आला आणि, नेहमीप्रमाणे, रस्त्यावरचा सगळा बर्फ नुकत्याच साफ केलेल्या प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढकलून गेला. अशा वेळी अख्ख्या न्यू जर्सीच्या तोंडी जे शब्द येतात ते छापण्याजोगे नसतात. काकांनी यंत्र वळवलं, सगळी तोंडं पुन्हा मोकळी केली आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"काका, झालं की. चला आत, पोहे केलेत."

"तुम्ही व्हा पुढे," ते प्लाउ गेला त्या दिशेला मान लांब करून बघत म्हणाले. "तो अजून एकदा येईल ना?"